होलाशोवित्से : बोहेमियांतील एका खेड्याचा भूगोल, इतिहास व अवशेष

प्राग या नगराचें नांव आमच्या संस्कृतज्ञ वाचकांस अपरिचित नाहीं. महाभारताची चिकित्सक आवृत्ति व्हावी असा आग्रह १८९७ सालच्या पॅरिस येथील प्राच्यविद्यापरिषदेंत ज्यांनीं धरला ते मोरित्स विंटरनित्स पुढें प्राग येथील जर्मन विद्यापीठांत अध्यापक झाले. आणि तें कार्य पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ त हातीं घेऊन १९६६ त मूळ संहितेपुरतें सिद्धीस नेलें. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र प्राग नव्हे, कीं तेथील पंडितहि नव्हेत. त्याच देशाच्या दक्षिण भागांतील, दीडशेंच्या आंतबाहेर वस्तीचें एक खेडें आम्ही येथें विचारास घेतलें आहे. त्याचें नांव होलाशोवित्से. तेथें किल्ला नाहीं, राजवाडा नाहीं, मोठें देवालय नाहीं. तथापि गांव म्हणजे नक्की काय, त्याची माणसें, त्याचें नांव कीं त्याची जमीन, हा जो प्रश्न जुनीं दफ्तरें चाळतांना आपणांपुढें वारंवार उभा राहतो, त्याचा इतका स्वच्छ मासला दुसरीकडे क्वचित् सांपडेल.

प्रथम नांवाचा विचार करूं. शेवटच्या अक्षरांतील 'त्स' चा उच्चार आपल्या 'चाक' शब्दांतील दंततालव्य 'च' सारखा आहे. इंग्रजी वर्णांवरून वाचणारे त्याचा 'स' किंवा 'क' करितात तें चूक. 'ओवित्से' हा प्रत्यय चेक भाषेंत कोणा एका पुरुषाच्या नांवास लागतो व 'त्याचीं माणसें' असा अर्थ देतो. होलाश नांवाच्या पुरुषाच्या माणसांची वस्ती तें होलाशोवित्से. खेड्यास चेक भाषेंत 'वेस' म्हणतात. हा शब्द आणि वेदांतील 'विश्' हे एकाच मुळाचे, हें तौलनिक व्याकरणांत सर्वमान्य आहे. लॅटिनमधील 'वीकुस'हि त्याच कुळांतला. घराला 'दूम' म्हणतात, तो वैदिक 'दम'; दाराला 'द्वेर्झे', तें 'द्वार'. गांवाच्या मध्यभागीं असलेल्या मोकळ्या पटांगणास 'नावेस' असें नांव आहे. आपल्या मराठींतील गांवच्या वेशीशीं या शब्दाचें नातें जोडण्याचा मोह वाचकांस होईल. पण ध्वनिसाम्य हा पुरावा नव्हे. ती चर्चा स्वतंत्रपणें व्हावी.

बोहेमियाच्या दक्षिणेस व्ल्तावा नदीकांठीं चेस्के बुद्येयोवित्से हें शहर आहे. त्याच्या भोंवतालचा प्रदेश सखल, पाणथळ आणि तळ्यांनीं भरलेला असून पंधराव्या-सोळाव्या शतकांत तेथील जमीनदारांनीं मासे पोसण्यासाठीं हीं तळीं बांधविलीं. शहराच्या पश्चिमेस सुमारें पंधरा किलोमीटरांवर, जेथें हा सखल भाग संपून ब्लान्स्की लेस या रानाच्या टेंकड्या सुरू होतात, तेथें आमचें खेडें वसलेलें आहे. या टेंकड्यांतील सर्वांत उंच शिखर क्लेत्य १,०८४ मीटरांचें आहे. अशा कडेच्या जागेचा फायदा उघड आहे: लांकूड व चराऊ रान एका बाजूस, नांगरटीची जमीन दुसऱ्या बाजूस. कारभाराच्या दृष्टीनें तें आज यांकोव्ह या शेजारच्या ग्रामपंचायतींत मोडतें.

लेखी साधनांत या गांवाचा पहिला उल्लेख १२६३ सालचा आहे. तेव्हां बोहेमियाच्या गादीवर दुसरा प्शेमिस्ल ओताकार होता. दक्षिण बोहेमियांतील बलाढ्य सरदारघराण्यांवर वचक बसविण्याचा त्याचा उद्योग याच सुमारास चाललेला दिसतो. १२६३ तच त्यानें झ्लाता कोरुना हा मठ स्थापिला व १२६५ त चेस्के बुद्येयोवित्से शहर वसविलें. येथें एक सूचना करणें अवश्य वाटतें. पहिला उल्लेख म्हणजे स्थापना नव्हे. ज्या गांवाचें नांव राजाच्या पत्रांत येतें तें त्यापूर्वीं वसलेलें असलेंच पाहिजे, आणि 'ओवित्से' अंताचीं नांवें एकंदरींत जुन्या स्लाव वसाहतींचींच मानतात. उलट गांवाची जी रेखीव आयताकृति मांडणी आज दिसते ती तेराव्या शतकांतील नियोजित वसाहतींच्या पद्धतीची आहे. नांव जुनें व आंखणी नवी, असा हा मेळ आहे. दोन्ही एकाच दिवशीं जन्मलीं असा आग्रह धरण्याचें कारण नाहीं.

१२९२ त ओताकाराचा पुत्र दुसरा वात्स्लाव यानें हें गांव इतर कांहीं गांवांसह विश्शी ब्रोद येथील सिस्टर्शियन मठास दान दिलें. हा मठ रोझम्बेर्कच्या वोक नांवाच्या सरदारानें १२५९ त स्थापिला होता, व त्याचे पहिले भिक्षु ऑस्ट्रियांतील विल्हेरिंग मठांतून आले होते. ही गोष्ट पुढें उपयोगी पडणार आहे. १२९२ पासून १८४८ पर्यंत, म्हणजे साडेपांचशें वर्षांहून अधिक काळ, होलाशोवित्से या मठाच्या ताब्यांत राहिलें. आपल्याकडील देवस्थान इनामाप्रमाणें गांवचा वसूल मठाकडे जाई, आणि त्यामुळेंच गांवाची माहिती मठाच्या दफ्तरांत टिकली. एखादें खेडें इतिहासांत जगावयाचें तर त्याचा धनी कागद जपणारा असावा लागतो. विश्शी ब्रोदच्या ग्रंथालयांत सुमारें सत्तर हजार ग्रंथ आहेत, व १४१० सालीं लिहिलेली गीतसंग्रहाची पोथी तेथील हस्तलिखितांत प्रसिद्ध आहे. मठाचे दानपत्रादि लेख माथियास पांगेर्ल यांनीं १८६५ त व्हिएन्नाहून छापून प्रसिद्ध केले. राजवाडे अद्यापि शाळकरी वयाचेहि झाले नव्हते तेव्हां तिकडे एकेका मठाचे कागद या रीतीनें छापून निघत होते, हें नमूद करून पुढें जाऊं.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस गांवांत सतरा घरठाणीं होतीं. १५२० ते १५२५ या काळांत दक्षिण बोहेमियांत महामारी पसरली, आणि होलाशोवित्से येथें केवळ दोन माणसें वांचलीं असें परंपरा सांगते. मृतांस जेथें एकत्र पुरलें तेथें पुढें एक स्मारकस्तंभ उभारला गेला. दोन हा आंकडा वाचून संशयी वाचक मान हलवितील. 'गांव बुडालें, नवराबायको तेवढीं उरलीं' अशा कथा आपल्याकडेहि थोड्या नाहींत. परंतु आंकडा दोन असो वा दहा असो, गांव बेचिराग झालें ही गोष्ट पुढील नोंदींवरूनच सिद्ध होते. कारण मठानें बव्हेरिया व ऑस्ट्रिया या जर्मनभाषी प्रांतांतून कुळें आणून गांव पुन्हा वसविलें, आणि १५३० च्या सुमारास मठास सारा देणारे पुन्हा सतराच भरले.

या दुसऱ्या सतराकडे आम्ही वाचकांचें लक्ष मुद्दाम वेधतों. आधीं सतरा, मध्यें शून्यवत्, नंतर पुन्हा सतरा. नव्या लोकांनीं आपल्या सोयीनें गांव मांडलें असतें तर हा आंकडा असा जुळता ना. मठानें नवीं कुळें जुन्या ठाण्यांवर, जुन्या बांधांच्या आंत, जुन्या देण्यासह बसविलीं असेंच अनुमान निघतें. ज्यांनीं शिवकालीन व पेशवेकालीन इस्ताव्याचे कौल वाचले आहेत त्यांस यांत आश्चर्य वाटणार नाहीं. ओस गांवाचा धनी माणसें शोधीत असतो. जमीन त्याच्याजवळ मोजलेली, नांवनिशीवार पडलेली असते. आपल्या थळझाड्यांत कूळ नष्ट झाल्यावरहि थळास मूळ कुळाचेंच नांव राहतें, त्याच तऱ्हेची रीत बोहेमियांतहि होती: जो शेतकरी घरठाण्यावर येई त्यास लोक त्या घराच्या नांवानेंच ओळखीत. आडनांवें कायद्यानें स्थिर झालीं तीं अठराव्या शतकाच्या अखेरीस. म्हणून त्यापूर्वींच्या गांवदफ्तरांत एकाच ठाण्यावर शंभर वर्षें एकच नांव दिसलें तरी रक्ताची परंपरा अखंड होती असें समजूं नये. वंशावळी जुळविणाऱ्यांनीं येथें फार सावध असावें. घराचें नांव माणसास चिकटतें, आणि वंशवृक्ष पाहतां पाहतां हिरवा होतो.

नव्या लोकांची भाषा जर्मन. त्यांनीं गांवास होल्शोवित्स म्हटलें. हें नांव दुसरें तिसरें कांहीं नसून चेक नांवाचाच जर्मन उच्चार आहे. मूळ चेक वस्ती जवळजवळ नष्ट झाल्यावरहि नांव टिकलें याचें कारण सरळ आहे. तें मठाच्या वह्यांत होतें व आजूबाजूच्या चेक खेड्यांच्या तोंडीं होतें. भोंवतीं चेक आणि मध्यें जर्मन अशी ही स्थिति जवळजवळ चारशें वर्षें चालली. १८९५ त गांवांत १५७ जर्मन व १९ चेक होते.

आतां गांवाच्या रचनेकडे वळूं. मध्यें २१० मीटर लांब व ७० मीटर रुंद असें आयताकृति पटांगण, त्यांत एक लहानसें तळें, एक देउळी, एक क्रूस व लोहाराची भट्टी. तळें शोभेसाठीं नव्हे. आग लागल्यास पाणी हाताशीं असावें व जनावरांनीं प्यावें, हे त्याचे उपयोग. पटांगणाच्या बाजूंनीं घरांची ओळ असून प्रत्येक घराचें त्रिकोणी तोंड पटांगणाकडे केलेलें आहे. अशीं शेतकरी वाड्यांचीं ठाणीं एकंदर तेवीस आहेत. प्रत्येक ठाणें अरुंद पण खोल आहे. पुढें एका बाजूस राहतें घर, दुसऱ्या बाजूस धान्याचें कोठार किंवा लहान घर, आणि दोहोंच्या मध्यें कमानदार दरवाजा. आंत चौक, चौकाच्या बाजूनें गोठे, मागें आडवें खळ्याचें घर, त्याच्या मागें परसू, आणि परसवापासून निघालेल्या शेताच्या लांब पट्ट्या. आमच्याकडे पांढरी व काळी हीं वेगळीं असतात. येथें प्रत्येक कुळाची काळी त्याच्या पांढरीच्या पाठीलाच बांधलेली आहे.

पटांगणाकडील त्या लहान घराविषयीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. त्यास चेक भाषेंत 'वीम्येनेक' म्हणतात. बाप वृद्ध झाला म्हणजे शेत एका मुलाच्या हवालीं करून म्हातारा-म्हातारी या लहान घरांत जात, आणि त्याबद्दल लेखी करार होई. वर्षास राय किती मापें, दूध किती, सरपण किती, परसांतील कोणतें झाड म्हाताऱ्याचें, हें सर्व जमिनीच्या वहींत नोंदविलें जाई. पोटच्या पोरावर विश्वास नव्हता असा याचा अर्थ नव्हे; सुनेवर होता कीं नाहीं तें करारांवरून ताडून पाहावें. इतर भावंडांस जमीन न देतां तिच्या किंमतीचा हिस्सा हप्त्यांनीं फेडीत. जमीन वाटावयाची नाहीं हा दंडक होता, आणि सारा अखंड यावा म्हणून जमीनदारहि त्याच मताचा होता. आमच्याकडे तीन पिढ्यांत तिफण फिरणार नाहीं इतक्या अरुंद वाटण्या होतात. तिकडे सतरांचीं तेवीस ठाणीं होण्यास शतकें लागलीं. गांवाचा नकाशा इतका स्थिर कां राहिला याचें खरें कारण वास्तुकलेंत नसून वारशाच्या रूढींत आहे असें आम्हांस वाटतें.

या स्थैर्याची पारख करण्यास उत्तम साधन म्हणजे सरकारी मोजणी. ऑस्ट्रियन सरकारनें १८२६ ते १८४३ च्या दरम्यान सर्व बोहेमियाची शेतवार मोजणी १ : २,८८० या प्रमाणावर करून रंगीत नकाशे काढिले. त्याहूनहि जुन्या १६५४ व अठराव्या शतकाच्या मध्यावरील कराच्या वह्या आहेतच. इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं काम हातीं घेतलें तो काळहि याच मोजणीचा. आमचे कित्येक संग्राहक मोडी सनद दिसली कीं तिच्यावर झडप घालतात आणि त्याच पेटीतला जुना मोजणीचा कागद टाकून देतात. सनद गांव कोणाचें तें सांगते. गांव कसें होतें तें नकाशाच सांगतो.

जीं घरें आज दिसतात तीं बहुतेक १८४० ते १८८० च्या दरम्यान बांधलेलीं आहेत. पूर्वींचीं घरें लांकडी असत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आगीच्या भयानें सरकारी नियम कडक झाले व दगडविटांचें काम वाढलें. १८४८ त वेठबिगार व मठाचें देणें संपलें, जमीन कुळांची झाली, आणि जो पैसा पूर्वीं धन्याच्या कोठींत जात होता तो घराच्या दर्शनी भिंतींवर आला. व्हिएन्ना-प्रागच्या सरदारवाड्यांत दीडशें वर्षांपूर्वीं जी 'बरोक' शैली भरांत होती तिचीं वळणें, लाटा व गिलाव्याचीं फुलें गांवच्या गवंड्यांनीं या घरांच्या त्रिकोणी तोंडांवर आणलीं. हीस दक्षिण बोहेमियाची 'लोकबरोक' शैली म्हणतात. शहरांतील कलापंडित हिला उशिरां झालेली नक्कल म्हणून नाक मुरडतील. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्याचा बाप धन्याच्या शेतावर वेठीस राबला त्यानें आपल्या घरावर सरदाराच्या वाड्याची कमान काढावी, यांत नकलेपेक्षां दुसरें कांहीं अधिक आहे. अशा घरांच्या तोंडांवर बांधणीचें वर्ष गिलाव्यांत काढण्याचीहि चाल होती; ताम्रपटावर तिथि शोधणाऱ्यास हे गिलाव्याचे लेख क्षुद्र वाटूं नयेत.

पटांगणांतील देउळी १७५५ सालची असून ती नेपोमुकच्या संत यान याच्या नांवाची आहे. या संताची कथा चिकित्सेचा एक चांगला धडा आहे. १३९३ त राजा चौथा वात्स्लाव याच्या हुकुमानें त्यास प्राग येथें व्ल्तावेंत बुडविण्यांत आलें, एवढें निश्चित. राणीनें कबुलीच्या वेळीं सांगितलेलें रहस्य त्यानें राजास सांगितलें नाहीं म्हणून हा दंड झाला, अशी लोककथा आहे. परंतु समकालीन कागदांत दिसतो तो राजा व आर्चबिशप यांच्यांतील एका मठाच्या अधिकाराविषयींचा तंटा. रहस्याची गोष्ट कित्येक दशकांनंतरच्या लेखनांत प्रथम येते. १७२९ त त्यास संतपद मिळालें, आणि नंतर बोहेमियांतील पुलापुलांवर त्याच्या मूर्ति उभ्या राहिल्या. कारण पाण्यांत मेलेला संत पाण्यापासून राखतो अशी श्रद्धा. संतपदानंतर अवघ्या सव्वीस वर्षांत इतक्या लहान खेड्यानें त्याची देउळी बांधली, यावरून त्या भक्तीचा वेग लक्षांत येतो.

गांवाजवळ उभ्या दगडांचें एक वर्तुळहि आहे. तें पाहून प्रागैतिहासिक अवशेषाची कल्पना करूं नये. तें २००८ सालीं उभारलेलें आहे. आणखी शंभर वर्षांनीं कोणी संशोधक त्यावर निबंध लिहूं नये म्हणून ही नोंद येथें केली.

दुसऱ्या महायुद्धानंतर या गांवावर महामारीसारखाच दुसरा घाला पडला. मात्र या वेळीं माणसें मेलीं नाहींत, गेलीं. जर्मनीनें चेक देश व्यापून जे अत्याचार केले त्यांचा परिणाम म्हणून १९४५-४६ त चेकोस्लोव्हाकियांतील सुमारें तीस लक्ष जर्मनभाषी लोकांस देश सोडावा लागला. चार शतकें होल्शोवित्सची माती नांगरणारीं कुळेंहि त्यांत गेलीं. कित्येक वाडे ओस पडले व ढासळूं लागले. १९४८ त साम्यवादी राज्य आलें आणि शेतीचें सामुदायिकीकरण झालें. मठाचीहि तीच गत; १९४१ त नाझींनीं तो बंद केला होता व १९५० त साम्यवाद्यांनीं पुन्हा बंद केला, तो १९९० त परत सुरू झाला.

येथें तुलनेसाठीं त्याच देशांतील दुसऱ्या एका खेड्याचें नांव घेणें प्राप्त आहे. प्रागच्या पश्चिमेस क्लाद्नोजवळ लिदित्से म्हणून गांव होतें. १० जून १९४२ रोजीं जर्मन सैन्यानें तेथील १७३ पुरुष गोळ्या घालून मारिले, बायकांस छळछावणींत धाडलें, मुलें हिरावून नेलीं, घरें जाळून सुरुंगानें उडविलीं, आणि गांवाचें नांवच नकाशावरून पुसण्याचा उद्योग केला. १९४७ पासून नवें लिदित्से शेजारीं बांधलें गेलें. जुन्या जागेवर गवताचा उतार आहे. होलाशोवित्से येथें माणसें दोनदां बदललीं, नांव व आंखणी राहिली. लिदित्से येथें नांव व कांहीं माणसें राहिलीं, आंखणी गेली. या दोहोंपैकीं जुनें गांव कोणतें उरलें, याचें उत्तर ज्यानें त्यानें द्यावें. पण होलाशोवित्सेला जी गवसली ती वस्तु कोणा राजानें किंवा मठानें दिलेली नव्हती, एवढें खरें.

होलाशोवित्से वांचलें तें, विचित्र वाटलें तरी, ओस पडल्यामुळें. ज्या गांवांत लोक राहिले व पैसा आला तेथें जुनीं तोंडें पाडून नवीं घरें उठलीं. येथें पाडावयासहि कोणी नव्हतें. १९९० नंतर नव्या, बहुतांशीं चेकभाषी रहिवाशांनीं वाडे दुरुस्त करण्यास आरंभ केला. १९९५ त सरकारनें गांवास संरक्षित ग्राम ठरविलें, व १९९८ त युनेस्कोच्या क्योतो येथील बैठकींत त्याची जागतिक वारशांत नोंद झाली. संरक्षित इमारती सुमारें १२० आहेत. नोंदीचें कारण देतांना दोन ग्रामीण बांधणीपरंपरांचा मिलाफ आणि मध्ययुगीन आंखणीची अक्षतता यांवर भर दिलेला आहे. दरवर्षीं उन्हाळ्यांत पटांगणांत शेतकऱ्यांचा उत्सव भरतो, कारागीर येतात, व ज्या तळ्यावर मठाच्या कुळांचीं गुरें पाणी पीत त्याच्या कांठीं बाजार मांडतात. शेतांचे पट्टे सामुदायिकीकरणांत मोडले. वाड्यांच्या पाठीमागील परसवांच्या सीमा मात्र अजून उभ्या आहेत, आणि मठाचीं दानपत्रें व वसुलाच्या वह्या त्शेबोन्य येथील प्रांतिक दफ्तरखान्यांत अभ्यासकांस पाहावयास मिळतात.